विनातिकीट प्रवास कशाने थांबतो? तुमचे अनुभव लिहा

मधला_दरवाजा

लोकलमध्ये विदाऊट जाणाऱ्यांचा विषय निघाला की दोन ठरलेले सूर लागतात. एक म्हणतो, दंड दहापट करा, सगळे सुतासारखे सरळ येतील. दुसरा म्हणतो, आधी उभं राहायला जागा द्या, मग तिकीट मागा. दोन्ही ऐकून कान किटलेत. या धाग्यात जरा वेगळं हवं आहे. फुकट्यांना आवरायचा एखादा उपाय चालताना किंवा सपशेल आपटताना तुम्ही पाहिला असेल तर तो लिहा. लोकल, बस, मेट्रो, देशातलं, परदेशातलं, काहीही चालेल. टीसी आणि कंडक्टर मंडळींचं विशेष स्वागत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुंबईत सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट 5 रुपये आहे. विदाऊट जाणारे बहुतेक जण ते पाच रुपये वाचवत नसतात, खिडकीवरची वीस मिनिटं वाचवत असतात. 2014 च्या डिसेंबरात मोबाइलवर तिकीट सुरू झालं तेव्हा आमच्या ग्रुपमधले दोन पट्टीचे फुकटे आपोआप सुधारले. त्यांना कोणी पकडलं नव्हतं, फक्त रांग संपली होती.

काळाकोट

मध्य रेल्वेत आयुष्य गेलं, आता निवृत्त. धागाकर्त्याशी अर्धा सहमत.

सकाळी आठच्या फास्टमध्ये कोणी टीसी डब्यात शिरून तिकिटं तपासेल ही कल्पना सोडून द्या. आत हात वर करायला जागा नसते, तिथे पावती पुस्तक कुठे उघडणार? म्हणून आमचं खरं काम पुलावर आणि जिन्यावर. स्टेशनाच्या सगळ्या वाटा एकदम अडवायच्या, त्याला किल्लेबंदी म्हणतात. बरोबर आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, कधी मॅजिस्ट्रेटसुद्धा. तशा दिवशी पहिल्या अर्ध्या तासात जे सापडतात तेच. नंतर सगळ्यांच्या मोबाइलवर बातमी पोचलेली असते आणि लोक एक स्टेशन आधी उतरून रिक्षा करतात. रिक्षाला चाळीस रुपये देतील, पण तिकीट काढणार नाहीत!

माणूस ओळखायला चेहरा बघायचा नसतो, पाय बघायचे. पासवाला जिना उतरताना चाल बदलत नाही. विदाऊटवाला काळा कोट दिसला की एक पायरी थबकतो, मग एकदम फोनवर बोलायला लागतो.

मोबाइल आल्यावर फसवणूक गेली नाही, तिची जात बदलली. स्टेशनच्या आवारात उभं राहून अ‍ॅपवर तिकीट निघू नये अशी सोय होती. आत आलेल्या माणसासाठी भिंतीवर क्यूआर कोड लावले. लोकांनी त्या कोडचे फोटो काढून ठेवले आणि गाडीत टीसी दिसला की तिकीट काढायला लागले. आता तर संगणकाकडून हुबेहूब एसीचे पास बनवून घेतात. म्हणून नुसता स्क्रीन बघून सोडायचं नाही. अ‍ॅप बंद करायला लावायचं, पुन्हा उघडायला लावायचं. खरा पास असलेला कुरकुरत उघडतो. खोट्याचं नेटवर्क त्याच क्षणी जातं.

लेडीज_फर्स्ट

बोरिवली, रोजची. सेकंडचा पास घेऊन फर्स्टमध्ये चढणाऱ्या बायकांबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. या कोणी गरजू नसतात. हातात माझ्यापेक्षा महाग पर्स असते. ‘अंधेरीलाच तर उतरायचंय’ हे उत्तर तोंडपाठ. काही बोललं की ‘तू टीसी आहेस का?’

2022 च्या मे महिन्यात फर्स्टचं सुटं तिकीट जवळजवळ निम्म्यावर आणलं. मला वाटलं आता तरी काढतील. आमच्या डब्यात तरी काही फरक पडला नाही. फरक पडला तो महिला टीसी डब्यात चढायला लागल्यावर. पुरुष टीसी बायकांच्या डब्यात दारातूनच दोन तिकिटं बघून जायचा. ह्या आत येतात, खिडकीपर्यंत येतात आणि झोपेचं सोंग घेतलेलीला खांद्याला हात लावून उठवतात. एकीने मला पास विचारला तेव्हा मी आनंदाने दाखवला. पासचे इतके पैसे भरायचे आणि कोणी बघायचंच नाही, याचाही राग येतो हो.

बदलापूर_परत

माझा अनुभव उलटा आहे. 2020 साली लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी होती. मी एका गोदामात हिशेबाला. मालक म्हणाला, या नाहीतर पगार कापतो. खिडकीवर गेलो तर ओळखपत्राशिवाय तिकीट नाही. खिशात पैसे, समोर खिडकी, आणि तरी विदाऊट. ऑक्टोबरात बायकांना ठरावीक वेळेत परवानगी मिळाली, आम्हाला थेट पुढच्या फेब्रुवारीत, तीही गर्दीच्या वेळा सोडून. खोटी ओळखपत्रं तेव्हा आमच्याकडे पाचशेला मिळत होती. मी घेतलं नाही. सरळ दंडाची पावती फाडायचो आणि ती पगाराच्या दिवशी मालकापुढे ठेवायचो. त्याने एकदाही भरपाई दिली नाही ही गोष्ट वेगळी.

रविवारचा_मेगाब्लॉक

पुलावर टीसी दिसल्यावर फोनवर बोलायला लागणं... काळाकोट साहेब, माझ्याकडे पास असूनही मी हे करतो. उगाचच.

डबल_बेल

माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. खांद्याला चामड्याची बॅग, हातात तिकिटांची पेटी. दांड्यावर पंच टकटक वाजवत गर्दीतून मागून पुढे जायचे. ‘पास’ असं फार ठसक्यात म्हणणाऱ्यालाच ते थांबून पास दाखवायला लावत.

विनातिकीट माणूस सापडला तर तपासनीस फक्त त्यालाच विचारत नसे, वडिलांचं वे-बिल, म्हणजे विकलेल्या तिकिटांची नोंद, तपासायचा आणि बॅगेतली रोकडही मोजायचा. एका प्रवाशाचं तिकीट राहिलं तर उत्तर कंडक्टरला द्यावं लागे, म्हणून ते कोणालाही सोडत नसत. आता भाड्याच्या बसगाड्या आल्या. त्यातल्या काहींत कंडक्टरच नाही, तो खाली स्टॉपवर उभा राहून तिकिटं देतो. मधल्या एखाद्या स्टॉपवर तो नसला की मागच्या दाराने चढलेल्याला कोण विचारणार? ड्रायव्हरने गाडी चालवायची की मागे वळून बघायचं? 2019 मध्ये बेस्टने किमान भाडं 5 रुपये केलं तेव्हा गर्दी वाढली. 2025 च्या मे महिन्यात ते 10 झालं. भाड्यावर सगळे हिरिरीने बोलतात, पण कंडक्टर काढल्यावर किती भाडं बुडतं हा हिशेब कोणी मांडताना दिसत नाही.

नाव_नको

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडे बसमध्ये दहाचं तिकीट असेल तर काही कंडक्टर हळूच म्हणतात, ‘पाच द्या, तिकीट राहू दे’. प्रवासीही खूश. माझ्या सासूबाईंनी एकदा मोठ्याने सांगितलं, ‘पाच नको, पूर्ण दहा घे आणि तिकीट फाड’. सगळी बस आमच्याकडे अशी बघायला लागली की चोरी आम्हीच केली. यात फुकटा कोणाला म्हणायचं?

बर्लिनकर

इथे ना फाटक, ना कंडक्टर. तिकीट घ्यायचं, फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा आणि बसायचं. तपासणारे साध्या कपड्यांत येतात, जुनी जॅकेटं, पाठीला सॅक. दारं बंद झाल्यावरच गळ्यातलं ओळखपत्र बाहेर काढतात. दंड 60 युरो. मुंबईपेक्षा एक गोष्ट शहाणपणाची वाटली: नावाचा पास घरी राहिला असेल तर काही दिवसांत ऑफिसात जाऊन दाखवा, नाममात्र रकमेत सुटका होते.

दुसरी गोष्ट मात्र डोक्यात जाते. विनातिकीट प्रवास हा इथे फौजदारी गुन्हा आहे, दंडसंहितेचं कलम 265अ, 1935 मध्ये आणलेलं. कोर्टाने केलेला दंड भरला नाही तर त्याबदल्यात तुरुंग. 60 युरो नसलेला माणूस कोर्टाचा दंड कुठून भरणार? त्यामुळे बेघर, व्यसनी, आजारी माणसं आत जातात आणि एका कैद्यावर सरकारचा एका दिवसाचा खर्च बुडालेल्या तिकिटाच्या कितीतरी पट होतो. 2021 मध्ये आर्ने झेम्सरोट या पत्रकाराने देणग्या जमवून अशा लोकांचा दंड भरायचा निधी सुरू केला. तुरुंगवाले स्वतःच त्यांना अर्ज भरून द्यायला मदत करतात असं वाचलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

2022 च्या उन्हाळ्यात तीन महिने 9 युरोत महिनाभर देशातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांनी कुठेही फिरा असं तिकीट होतं. तेव्हा माझ्या ओळखीतल्या अट्टल फुकट्यांनीसुद्धा ते काढलं. स्वस्त होतंच, शिवाय झोन, शिक्का, कुठलं तिकीट कुठे चालतं ही कटकट नव्हती.

मधला_दरवाजा

बर्लिनकर, मुंबईत तुमच्या निधीची उलटी आवृत्ती आहे. ऐकीव आहे, पण बऱ्याच जणांकडून ऐकलंय: काही जण दरमहा थोडे पैसे एकाकडे जमा करतात आणि विदाऊट पकडला गेलेला पावती दाखवून दंड वसूल करतो. पासपेक्षा स्वस्त पडतं म्हणे.

उत्तरेकडचा

हे स्टॉकहोममध्ये उघडपणे चालतं! प्लांका डॉट नू नावाची संघटना 2001 पासून आहे. दरमहा वर्गणी भरा, दंड झाला तर आम्ही भरतो. सार्वजनिक वाहतूक फुकटच हवी, करातून चालवा, हे त्यांचं राजकारण. पटो न पटो, चोरून करत नाहीत एवढं खरं.

संध्याकाळची_बदलापूर

काळाकोट, एक प्रश्न. 250 चा दंड वीस वर्षांहून जास्त काळ तेवढाच आहे. हजार केला तर?

काळाकोट

250 हा कमीत कमी जादा आकार आहे, त्यावर भाडं वेगळं. कुठून बसलात हे सिद्ध करता आलं नाही तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं लागतं. कसाऱ्याहून आलेल्या गाडीत ठाण्याला चढलेल्याने हे लक्षात ठेवावं.

हजार केलात तर हजार खिशात नसलेले वाढतील. ज्याने पैसे दिले नाहीत त्याला आरपीएफकडे न्यायचं, कागद करायचे, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. त्या एका माणसापायी माझा एक टीसी अर्धा दिवस पुलावरून गायब आणि तेवढ्या वेळात त्याच पुलावरून हजारभर माणसं न विचारता निघून गेलेली. दंड आहे तेवढाच ठेवा. मला संध्याकाळी साडेसहा ते नऊ कळव्याला आणि मुंब्र्याला चार माणसं जास्त द्या, आणि ती रोज द्या.