मदत हवी आहे: गोळ्यांवरून इन्सुलिनवर आलोय, गणित जमत नाहीये

मंडळी, वय ४१, देवगडजवळ आंब्याची कलमं आहेत. चार वर्षं टाइप २ मधुमेह म्हणून गोळ्या खात होतो, पथ्य पाळून पण शुगर वरच, वजन ११ किलो उतरलं आणि वर ऐकून घ्यायचं की तुम्ही भात सोडत नाही. शेवटी कोल्हापूरला दुसऱ्या डॉक्टरांनी सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते कळतं) आणि गॅड अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटलंय का ते कळतं) टेस्ट करायला लावली तेव्हा कळलं, हा मोठेपणी हळूहळू येणारा टाइप १, लाडा म्हणतात त्याला. शरीरच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतंय, त्यात बिचाऱ्या भाताचा काय दोष!

आता दोन महिने इन्सुलिनची दोन पेनं, रात्रीचं वेगळं आणि जेवणाआधीचं वेगळं. सुईची भीती गेली. पण परवा फवारणीचा पाइप ओढता ओढता हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला, मीटरवर शुगर उतरून ५८. खिशात काय तर तंबाखूची डबी! गड्याने चहाची साखर तीन चमचे पाण्यात ढवळून पाजली म्हणून निभावलं.

तर अंगमेहनतीच्या दिवशी तुम्ही डोस कमी करता की आधी काही खाता? (डॉक्टरांना विचारणारच आहे, अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात.) घावणे, उकड्या तांदळाची पेज यांचे कार्ब (शुगर वाढवणारं पिष्ट-साखर) कसे मोजता? आणि पावसात दोन दोन दिवस लाइट नसते, फ्रिज बंद, तेव्हा न उघडलेली पेनं कुठे ठेवता? बायको म्हणते मडक्यात ओली वाळू घालून त्यात डबा ठेवू, कुणी केलंय का असं?

आईचं अजून चालूच आहे, कारल्याचा रस घे नि सुया सोड. तिला कसं समजावू तेही सांगा.