डिस्नेलँडचे सुरुवातीचे फसलेले खेळ: नेमकं बिघडायचं काय?

तबकडीवाला:
अनाहाइमचं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. पहिल्या दहा-बारा वर्षांत तिथून ज्यांनी गाशा गुंडाळला त्या खेळांच्या याद्या ढिगाने सापडतात. कारणाच्या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी 'तांत्रिक अडचणी' एवढंच लिहिलेलं असतं. त्याने काही कळत नाही. माझे प्रश्न असे:
१. फ्लाइंग सॉसर्स, म्हणजे हवेवर तरंगणाऱ्या तबकड्या, चालायच्या कशा आणि मधेच जमिनीवर का बसायच्या?
२. कायमचा बंद झालेला पहिला खेळ कोणता? कुणी फँटम बोटी म्हणतं, कुणी सर्कस.
३. मोन्सँटो या रसायन कंपनीचं प्लास्टिकचं घर आणि व्ह्यूलायनर ही छोटी आगगाडी यांना 'फसलेले' म्हणायचं का?

हवाबंद:
तबकड्यांपुरतं लिहितो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

खेळ ऑगस्ट १९६१ मध्ये सुरू झाला आणि १९६६ मध्ये बंद झाला. वरवर पाहता हे एअर हॉकीचं (भोकांतून येणाऱ्या हवेवर चकती सरकवायचा खेळ) टेबलच, फक्त चकतीवर माणूस बसवलेला. पण एअर हॉकीत सगळी भोकं सतत फुंकत असतात. एवढ्या मोठ्या मैदानाला तसं करायचं तर ब्लोअर अवाढव्य लागले असते आणि बहुतेक हवा फुकट गेली असती. म्हणून मैदानाखाली दाबाखालची हवा कोंडून ठेवली आणि प्रत्येक भोकाला झडप बसवली. तबकडी वर आली की तिथल्या झडपा उघडायच्या, ती पुढे सरकली की मिटायच्या. हवा लागेल तिथेच खर्च.

गोची नेमकी इथेच झाली. झडपांच्या प्रत्येक उघडझापीने खालच्या कोंडलेल्या हवेत दाबाची छोटी लाट उठते. तबकड्या जिकडे-तिकडे धावत असताना या लाटा कधी एकमेकींच्या तालात आल्या की रिकाम्या जागेतल्या झडपाही आपोआप उघडू-मिटू लागायच्या. लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट सगळ्या मैदानभर. उघड्या झडपांतून हवा सुटली की खालचा दाब कोसळणार आणि तबकड्या एकदम जमिनीला टेकणार. मग यंत्रणा थांबवा, दाब पुन्हा भरा, आणि तोवर रांग ताटकळत. एखादी झडप बिघडली असती तर बदलता आली असती. हा दोष सुट्या भागात नव्हता, सगळ्या मैदानाच्या एकत्रित वागण्यात होता. म्हणून पाच वर्षांत तो हटला नाही.

दुसरी अडचण वजनाची. तबकडीला ना चाक, ना सुकाणू. ज्या बाजूला जायचं तिकडे अंग झुकवायचं. तबकडी कलली की विरुद्ध बाजूची कड उचलली जाते, तिथून हवा निसटते आणि तबकडी कललेल्या बाजूला सरकते. हलक्या मुलाच्या झुकण्याने ती जेमतेम कलायची. भारी माणसाखाली ती मुळातच खोल बसायची आणि कड जमिनीला घासायची. मधल्या वजनाच्या माणसालाच खरी मजा.

तिसरी अडचण चढ-उताराची. एकूण ६४ तबकड्या, १६-१६ चे चार ताफे, मैदानाचे दोन भाग. फेरी संपली की एक लांब आडवा दांडा मैदानावरून फिरायचा आणि विखुरलेल्या तबकड्या कडेला लोटायचा. एक ताफा खेळतोय तोवर दुसरा भरायचा, ही युक्ती चांगलीच. समजा प्रत्येक भागातून दर ३ मिनिटांना १६ जण सुटले, तर दोन्ही मिळून तासाला ६४० होतात. पण दोनदा दाब कोसळून वीस मिनिटं गेली की एक तृतीयांश आकडा गायब. ई तिकिटाचा खेळ होता हा, म्हणजे तिकीटवहीतलं सर्वांत महागडं पान. लोक चिडणारच.

काठावरचा:
हवाबंद यांच्या प्रतिसादाला +१. आता बोटींचं.

पहिला कोण, हे तुम्ही मोजता कसं त्यावर आहे. मिकी माउस क्लब सर्कस नोव्हेंबर १९५५ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी १९५६ मध्ये उठली. तारखेने ती आधी. पण तो तंबूतला कार्यक्रम होता. बांधीव खेळांत पहिला मान फँटम बोटींचाच. १९५५ च्या उन्हाळ्यात आल्या, हिवाळ्यात बंद पडल्या, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सोडल्या आणि १९५६ सरायच्या आत कायमच्या गेल्या.

बोटी दिसायला झोकदार होत्या, मागे विमानासारखे पंख. त्या देखण्या आवरणाखाली इंजिन तापायचं, धूर सोडायचं आणि मधेच मान टाकायचं. सुरुवातीला सुकाणू पाहुण्यांच्याच हातात आणि पाण्याखाली मार्ग दाखवणारी पट्टी नाही. म्हणजे बंद पडलेली बोट कुठेही तरंगत राहणार आणि कुणीतरी जाऊन ती ओढून आणणार. उपाय म्हणून प्रत्येक बोटीवर कर्मचारी चालक बसवला. त्याने बोटीमागे एक पगार वाढला आणि एक जागा घटली. धंद्याच्या हिशेबाने खेळ तिथेच संपला. इंजिन सुधारलं असतं तरी हे गणित सुटलं नसतं, असं माझं मत.

पुरावा हवा तर १९५७ चा मोटर बोट क्रूझ पाहा. तिथे पाण्याखाली मार्गदर्शक रूळ टाकला. सुकाणू फिरवल्याचं समाधान पाहुण्याला, बोट मात्र ठरल्या वाटेनेच. तो खेळ १९९३ पर्यंत चालला.

१९५५ सालातल्याच कॅनॉल बोट्स ऑफ द वर्ल्ड विसरू नका. जगातले कालवे दाखवायचे होते, दिसायचे फक्त चिखलाचे काठ, कारण देखावे बांधायला पैसा आणि वेळ उरला नव्हता. आउटबोर्ड मोटरींच्या आवाजात निवेदकाचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि त्या तापून बंद पडल्या की बोटी दोर लावून ओढायच्या. १९५५ मध्येच थांबवून काठांवर चिमुकली घरं-गावं उभारली आणि जून १९५६ मध्ये स्टोरीबुक लँड म्हणून पुन्हा सुरू केलं. ते अजून आहे. म्हणून मी याला फसलेला म्हणणार नाही, अर्धा कच्चा वाढलेला म्हणेन.

घोडेस्वार:
जनावरांचे खेळ राहिले. पार्कच्या फ्रंटियरलँड भागातल्या स्टेजकोच, म्हणजे जुन्या धाटणीच्या घोडागाड्या, १९५९ पर्यंत होत्या. गाडी उंच, त्यात टपावरही माणसं, म्हणजे गुरुत्वमध्य आणखी वर. जवळून वाफेची आगगाडी शिट्टी मारत जायची. घोडे बुजले, वळणावर झटका बसला, की गाडी कलंडणार. वाट रुंद करून किंवा वेग कमी करून हे जात नाही, कारण घोड्याला ब्रेक नसतो. खेचरांची रांग मात्र १९७३ पर्यंत टिकली. खेचर अडून बसतं, पण उलटत नाही.

सर्कशीबद्दल काठावरचा यांनी हात आखडता घेतला. तिथे बिघाड यंत्राचा नव्हताच. तंबूत सुमारे २,५०० माणसं मावायची, पण दिवसभर पार्कमध्ये फिरायला आलेला माणूस एका जागी बसून, इतरत्रही दिसणारी सर्कस कशाला पाहील? बाकड्यांच्या रांगा ओस पडायच्या.

रकाना तिसरा:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही नावं यादीतून काढा.

व्ह्यूलायनर जून १९५७ ते सप्टेंबर १९५८ चालली. बॉब गर यांचं डिझाइन, डब्याच्या तोंडाला ओल्ड्समोबिल मोटारीच्या काचा आणि दारं. गाडी ठीक चालायची, पण तिची जागा हवी होती. जून १९५९ मध्ये मॅटरहॉर्न (डोंगरातली घसरगाडी), पाणबुडी आणि मोनोरेल एकदम सुरू झाले, त्या विस्ताराखाली तिचा मार्ग गेला.

प्लास्टिकचं घर तर १९५७ ते १९६७ दहा वर्षं उभं होतं. मधल्या खांबावरून चार बाजूंना अधांतरी निघालेल्या खोल्या, फायबरग्लासचे एकसारखे कवचभाग जोडून केलेल्या. फसलं ते पाडणाऱ्यांचं नियोजन. एका दिवसाचं काम म्हणून लोखंडी गोळा आणला, तर तो भिंतीवर आपटून उसळून परत. शेवटी करवतीने कापत, साखळ्यांनी आवळत दोन आठवडे गेले. काँक्रीटचा पाया निघालाच नाही, तो तसाच ठेवून भोवती झाडं लावली.

तबकडीवाला:
सगळ्यांचे आभार, घर आणि व्ह्यूलायनर काढतो. हवाबंद, एक उपप्रश्न. २०१२ मध्ये शेजारच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या डिस्नेच्याच दुसऱ्या पार्कमध्ये लुइजीज फ्लाइंग टायर्स हा हवेवर तरंगणाऱ्या टायरांचा खेळ आला, तेव्हा झडपांचा घोळ सुटला होता का?

हवाबंद:
सुटला, कारण झडपाच काढून टाकल्या. ६,७१४ भोकं, सगळी सतत फुंकणारी. आता तबकड्यांना जे टाळायचं होतं तेच, म्हणजे हवा सगळीकडून वाहून जाणार, पण आधुनिक पंख्यांना ते झेपतं. ताल धरून दाब कोसळण्याचा प्रश्न उरला नाही.

वजनाचा प्रश्न मात्र जसाच्या तसा. उलट टायर मोठा आणि दोघांचा, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी एकाच बाजूला झुकायला हवं. एक डावीकडे, एक उजवीकडे झुकला की टायर जागच्या जागी. बहुतेक लोक पूर्ण झुकायला बिचकतात, म्हणून बघणाऱ्यांना सगळं संथ वाटायचं. फेरी संपल्यावर टायर कडेला लावण्यातही वेळ जायचा.

अवांतर: सुरुवातीला मैदानात मोठे हवेचे चेंडू सोडले होते, एकमेकांवर फेकायला. ते लवकरच काढले.

फेब्रुवारी २०१५ मध्ये बंद. मार्च २०१६ पासून त्याच मैदानावर नाचणाऱ्या छोट्या मोटारी आहेत. रूळ नाही, पण वाट संगणकाची. पाहुण्याने झुकायचं काम नाही.