पोर्ट्रेटला काय म्हणायचं : तसबीर, व्यक्तिचित्र की छायाचित्र?

मंडळी, एक शब्द अडलाय. जुन्या ध्रुवीय मोहिमांतल्या फोटोंवर लिहितेय आणि दर वेळी पोर्ट्रेटपाशी येऊन थांबते. व्यक्तिचित्र लिहिलं की लोकांना शाळेच्या पुस्तकातला धडा आठवतो, आणि छायाचित्र म्हटलं तर त्यात पेंग्विनही आला आणि बर्फात अडकलेलं जहाजही आलं, मग माणूस समोर बसवून मुद्दाम टिपलेला चेहरा हा अर्थ कुठे राहिला? सुरुवात 1845 पासून आहे, ब्रिटिश नौदलाच्या जॉन फ्रँकलिनच्या आर्क्टिक मोहिमेतल्या 14 अधिकाऱ्यांचे फोटो निघायच्या आधी लंडनच्या रिचर्ड बिअर्डच्या स्टुडिओने काढले होते, त्यांना काय म्हणू?

—

ताई, तसबीर लिहा की. मूळ अरबी तस्वीर, फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत त्याचा अर्थ जरा आखडला, आपण तसबीर म्हणतो ती चौकटीतली, काचेमागची, हातात धरता येईल अशी वस्तू. तुमचे 1845 चे फोटो डॅगेरोटाईप, म्हणजे फोटोचा अगदी सुरुवातीचा प्रकार, आणि ते म्हणजे नेमकं हेच. तांब्याचा पत्रा, वर चांदीचा मुलामा, त्याला आयोडीनची वाफ, मग कॅमेऱ्यात, मग पाऱ्याची वाफ, निगेटिव्ह हा प्रकारच नाही, त्यामुळे दुसरी प्रत पाहिजे तर माणसाला परत बसवायचं. आणि आरशासारखं डावं-उजवं उलटं दिसतं.

—

वस्तू म्हणून पटलं पण मला तसबीर म्हटलं की हार आणि उदबत्ती दिसते हो. फोटोत ती माणसं जिवंत आहेत! फ्रँकलिन 59 वर्षांचा, फ्लूने बेजार, तरी टोपी घालून बसलाय. पुढे 129 जण गेले आणि एकही परत आला नाही हे आपल्याला माहिती, त्यांना नव्हतं. शब्दातच आधी मारून टाकू नका त्यांना.

—

हे वाचून थांबलेच मी. पण फिट्झजेम्सचं बघा, त्याच 14 मधला. 2024 साली कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या किंग विल्यम बेटावरच्या हाडांपैकी एक जबडा डीएनएवरून त्याचा असल्याचं कळलं, त्यावर चाकूचे वार होते, म्हणजे उपाशी सोबत्यांनी... ते वाचल्यावर परत तो चेहरा उघडला तर छायाचित्र हा शब्द मला फार कोरडा वाटला.

—

थोडं वेगळं, क्रियापदाबद्दल. स्कॉटच्या 1910 च्या दक्षिण ध्रुव मोहिमेत हर्बर्ट पाँटिंग हा फोटोग्राफर होता, तो स्वतःला कॅमेरा आर्टिस्ट म्हणवायचा, आणि थंडी अशी की एकदा त्याची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला चिकटली होती. तो लोकांना इतका वेळ उभं करायचा की तुकडीतल्यांनी त्याच्या नावावरूनच एक क्रियापद पाडलं, पाँट करणे, म्हणजे अवघडलेल्या अवस्थेत जवळजवळ गोठेपर्यंत पोज देणे. मराठीत ताटकळणं जवळचं आहे पण त्यात गारठा नाही, काकडणंमध्ये गारठा आहे पण पोज नाही. माझं मत, ताटकळवणं घ्यावं, त्यात उभं करणाराही येतो.

मात्र त्याचा मला सगळ्यात भिडणारा फोटो ताटकळवून काढलेला नाहीच. 1 ऑगस्ट 1911, त्याच तुकडीतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड पाच आठवडे अंधारात एम्परर पेंग्विनची तीन अंडी आणायला जाऊन झोपडीत परतलेत आणि टेबलाशी बसून खातायत. डोळे बघा फक्त. त्याला पोर्ट्रेट म्हणायला पोजची गरज नाही.

—

बॉवर्सचं नाव निघालं म्हणून, तो आपल्याकडच्या रॉयल इंडियन मरीनमध्ये नोकरीला होता. दक्षिण ध्रुवावरचा स्कॉटसकट पाच जणांचा फोटो, 18 जानेवारी 1912, त्यात तोच बसून कॅमेऱ्याला बांधलेली दोरी ओढतोय, नीट पाहिलं तर दोरी दिसते. आपण फोटो काढला आणि फोटो काढून घेतला यात फरक करतो ना, पहिल्यात कॅमेरा आपल्या हातात, दुसऱ्यात आपण समोर, इथे दोन्ही एकदम लागू पडतात. सेल्फी म्हणू नका प्लीज, परत निघालेली माणसं आहेत ती आणि चेहऱ्यावर सगळं दिसतंय. तो रोल नोव्हेंबरमध्ये त्यांच्या शेवटच्या तंबूत सापडला आणि केप एव्हान्सच्या, म्हणजे मोहिमेच्या तळावरच्या, झोपडीत धुतला, फोटो कागदावर उमटला तेव्हा पाचातलं कुणीच उरलं नव्हतं.

—

सगळ्यांचे आभार, मनापासून. ठरवलंय असं : 1845 च्या पत्र्यांना तसबीर, कारण त्या खरंच वस्तू आहेत, हाराची आठवण आली तर येऊ दे. पाँटिंगसाठी पोर्ट्रेटच ठेवते, मराठीत रुळलाय तो. आणि ध्रुवावरच्या फोटोखाली सरळ लिहीन, पाच जणांनी स्वतःचा काढलेला फोटो.

—

चांगलं. फक्त एक, अनेकवचन करताना तसबीरी नको, तसबिरी, बि ऱ्हस्व.