विसरलो ते बरंच झालं! तुमचेही अनुभव लिहा

कढईवाली, जुळे सोलापूर

परवा रविवारी साडेबाराला बेल वाजली. दार उघडलं तर वन्सं, त्यांचे मिस्टर आणि दोन्ही पोरं. हातात डाळिंबाची पिशवी. "वहिनी, उशीर तर नाही ना झाला?"

"छे हो, या की," म्हणाले आणि पोटात गोळा आला. जेवायला मीच बोलावलं होतं, दहा दिवसांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत, आणि साफ विसरले होते. गॅसवर नुसता वरणाचा कुकर. ह्यांच्याकडे बघितलं तर हे पेपरात डोकं घालून. (ह्यांना मी सांगितलंच नव्हतं, तर हे तरी काय करणार.)

फ्रीज उघडला. दह्याच्या पातेल्यामागे एक डबा. शनिवारी संध्याकाळी लेकासाठी अर्धा किलो बोनलेस चिकन आणलं होतं. तुकडे करून त्याला चमचाभर मीठ, आलं-लसूण आणि मिरपूड चोळली, तेवढ्यात माहेरून फोन आला. तो तासभर चालला. नंतर मला डबा आठवला नाही आणि लेकाला भूक आवरली नाही. रात्री पिठलं-भाकरी खाऊन सगळे झोपलो. म्हणजे एक गोष्ट विसरल्यामुळे अब्रू जायची वेळ आली होती, ती दुसरी विसरल्यामुळे वाचली.

चिकन चिली करायचं ठरवलं, कारण रस्सा करायला वेळ नव्हता. तर कॉर्नफ्लॉवरचा डबा रिकामा! (हेही विसरलेलेच. महिनाभर यादीत लिहायचं राहतंय.) मग तीन चमचे तांदळाचं पीठ, एक चमचा मैदा आणि एक अंडं चिकनला लावलं आणि मध्यम आचेवर थोडे थोडे तुकडे तळून काढले. एका घाण्याला चार-पाच मिनिटं. पहिल्या घाण्यातला एक मोठा तुकडा मोडून बघायचा, आत गुलाबी दिसला तर परत कढईत. दुसरीकडे लोखंडी कढईत दोन चमचे तेल चांगलं तापवून दहा-बारा लसूण पाकळ्या बारीक चिरून, सहा हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. लसूण लाल व्हायच्या आत कांद्याच्या आणि सिमला मिरचीच्या मोठ्या फोडी. आच मोठीच ठेवायची, दोन मिनिटांत त्या बाहेरून चकाकतात, आत करकरीत राहतात. मग दोन चमचे सोया सॉस, एक चमचा चिली सॉस, अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर तांदळाचं पीठ कालवून ते. रटरटलं, दाट झालं की चिकन टाकून दोनदा परतायचं, बस. मीठ वरून घालू नका, चिकनला आहे आणि सोया सॉसमध्ये तर आहेच. दारात पाहुणे ते ताटात चिकन, पस्तीस मिनिटं. वन्सं म्हणाल्या, "एवढं मऊ कसं झालं गं?" मी म्हटलं, "रात्रीपासून तयारी करत होते." खोटं नव्हतं ते.

रात्रभर मिठात राहिल्यामुळेच मऊ झालं. मीठ मांसात मुरतं आणि तळताना आतलं पाणी धरून ठेवतं. मात्र लिंबू किंवा व्हिनेगर लावून रात्रभर विसराल तर वरचा थर पिठूळ होतो. तोही अनुभव घेऊन झालाय.

आता तुमची पाळी. विसरल्यामुळे काय बरं झालं ते लिहा. किल्ल्या आणि चष्म्याचे किस्से नकोत, ते सगळ्यांच्याच घरी आहेत.

पाणीवाला दिवस, विजापूर नाका

बाहेरच्यांना कळणार नाही, पण आमच्याकडे वार लक्षात ठेवायची पद्धत वेगळी आहे. पाणी आलेला दिवस, त्यानंतरचा पहिला, दुसरा, तिसरा... नळाला रोज पाणी येणं म्हणजे काय हे माझ्या पोरीला पुण्याच्या हॉस्टेलवर गेल्यावर कळलं. तर गेल्या मे महिन्यात मोटर लावली आणि क्रिकेटची मॅच बघत बसलो. टाकी भरून वाहिली, गच्चीवरून पाणी मागच्या अंगणात. बायकोनं जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. पण मागे एक कढीपत्ता होता, दोन वर्षं नुसत्या काटक्या. दोन आठवड्यांत त्याला तांबूस कोंब आले. आता शेजारच्या तीन घरांत आमचा कढीपत्ता जातो. बायको सांगते, "ह्यांनी जगवला." कसा जगवला ते सांगत नाही, एवढी ती चांगली आहे.

छत्री, भवानी पेठ

सोलापुरात छत्री विसरून काहीही बिघडत नाही. एवढंच.

गाडीवाला

कढईवाली ताई, तुमची रेसिपी वाचूलालो. सगळं बराबर हाय, पण व्हिनेगर कुठाय? त्याच्याशिवाय चिली होत नसते ओ. आणि तांदळाचं पीठ चालतंय, कुरकुरीत होतंय, पण सॉसला कॉर्नफ्लॉवरच पाहिजे, नायतर चकाकी येत नाय.

माझी चायनीजची गाडी हाय, कुठं ते सांगत नाय. रात्री सात ते साडेअकरा. एका टायमाला बारा-पंधरा ऑर्डरी डोक्यात असतात. लाल शर्टवाला हाफ चिली ड्राय, त्याच्या मागचा ट्रिपल राईस तिखट कमी, स्कूटीवरच्या मॅडमचं पार्सल बिगर कांद्याचं. कागद नाय, पेन नाय, एक पण चुकत नाय. पण पैसे हातात पडले की पार पुसून जातंय बघा. परवा एक पोरगा परत येऊन विचारूलाला, "दादा, मघाशी खाल्लं तेच पार्सल द्या." मी म्हटलं, "काय खाल्लास बे तू?" तो म्हणतोय, "तुम्हीच दिलं की!" आधी मला वाटायचं काय तर आजार हाय. आता वाटतंय बरं हाय. नायतर घरी जाऊन पडल्यावर डोक्यात रात्रभर ट्रिपल राईस फिरत राहील.

कढईवाली, जुळे सोलापूर

अगंबाई! घातलं होतं हो व्हिनेगर, लिहायला विसरले. एक चमचा, गॅस बंद करताना.

निवृत्त मास्तर, मुरारजी पेठ

गाडीवाले, तुम्हाला आजारबिजार काही नाही. तुमच्यासारख्याच वेटरांमुळे मानसशास्त्रात एक नाव झालं आहे. बर्लिनमधल्या प्राध्यापक कुर्ट लेविन यांच्या लक्षात आलं, की वेटरला बिल न दिलेल्या टेबलाची ऑर्डर तोंडपाठ असते आणि बिल चुकतं झालं की आठवत नाही. त्यांची विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने त्यावर प्रयोग केले आणि १९२७ साली ते छापले. लोकांना छोटी छोटी कामं दिली, काही पुरी करू दिली, काही मध्येच थांबवली. अर्धवट राहिलेली कामं लोकांना जास्त आठवली. पुढे इतरांनी करून पाहिलं तेव्हा दरवेळी तसंच निघालं असं नाही, पण तुमच्या गाडीवर निघतंय म्हणजे झालं.

मी रसायनशास्त्र शिकवत असे, म्हणून दुसराही एक किस्सा. १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग नावाचा रसायनज्ञ डांबरातून निघणाऱ्या पदार्थांवर काम करत होता. एका संध्याकाळी जेवणाच्या नादात हात धुवायचं विसरला. पाव तोंडात घातला तर गोड. पाणी गोड, रुमाल गोड. शेवटी अंगठा चाटला, तो साखरेहून गोड. पळत प्रयोगशाळेत गेला आणि टेबलावरची सगळी भांडी चाखत सुटला. त्यातून सॅकरिन सापडलं. वर्गात हा किस्सा सांगून मी लगेच म्हणायचो, प्रयोगशाळेत हात न धुता डबा उघडलेला दिसला तर बाहेर उभं करीन. पोरांच्या लक्षात फक्त चाटणं राहिलं. एक माजी विद्यार्थी परवा सात रस्त्यावर भेटला. मला त्याचं नाव आठवेना, त्याला माझा विषय आठवेना. पण "सर, तो अंगठा चाटणारा!" म्हणून पाया पडला.

धाकटी, बाळे

माझं जरा घरगुती आहे. थोरल्या जाऊबाई आणि मी सहा वर्षं बोलत नव्हतो. एकाच गावात, सणाला समोरासमोर, पण वाढताना ताटाकडे बघायचं, तोंडाकडे नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर गड्डा भरतो, तिथे पाळण्याच्या रांगेत आमची पोरं एकमेकांना चिकटली आणि आम्ही दोघी मागे उभ्या. पोरं पाळण्यात बसली. वर गेली, खाली आली, परत वर. बोलायला पाहिजे होतं काहीतरी. जाऊबाई म्हणाल्या, "तू माझ्यावर अजून रागवलीस का?" आणि मी खरंच आठवायला लागले. कशावरून? मला वाटत होतं बारशाचं बोलावणं उशिरा आलं त्यावरून. त्या म्हणाल्या, "छे, बारसं तर नंतर झालं. पोळपाटावरून झालं ना?" कुठला पोळपाट? तो कुणाकडे आहे? दोघींच्याही घरी नाही. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुमच्या दोघींच्या नवऱ्यांचं भांडण होतं ते. नवऱ्यांना विचारलं, ते दोघे एकमेकांकडे बघत बसले.

सहा वर्षं मी नुसता राग सांभाळला आणि कारण कधी गळून पडलं ते कळलंच नाही. गेल्या महिन्यात मी त्यांना शेंगाचटणी कांडून दिली, त्यांनी कडक भाकरीचा गठ्ठा पाठवला. पोळपाट अजून सापडलेला नाही.

साचेखात्याचा मुलगा

हा धागा वाचून आधी मला रागच आला, खरं सांगतो. आमच्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. वय ८१. सकाळी माझं नाव मोठ्या काकांच्या नावाने घेतात, संध्याकाळी मला "अहो" म्हणतात. विसरण्यात काय मजा आहे ते आमच्या घरी येऊन बघा, असं लिहायला बसलो होतो. लिहून खोडलं.

कारण एक गोष्ट आहे. वडील मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. सोलापुरातली पहिली गिरणी १८७७ सालची, तिला आजही जुनी मिलच म्हणतात. पुढे आणखी झाल्या, निम्मं गाव भोंग्यावर उठायचं. मग एकेक बंद पडत गेल्या. वडिलांची कुठली ते सांगत नाही. बंद पडल्यावर त्यांनी रात्रीची वॉचमनकी केली, मिलकडे अडकलेल्या पैशासाठी हेलपाटे घातले, कागदांची प्लॅस्टिकची पिशवी उशाला घेऊन झोपले. घरात मिलचा विषय निघाला की ताट सरकवून उठायचे. आई गेली तेव्हाही ती पिशवी उशाशी होती.

आता ती सगळी वर्षं त्यांच्या डोक्यातून गेली आहेत. मिल बंद पडली हेच त्यांना माहीत नाही. पहाटे साडेपाचला उठतात, पहिली पाळी आहे म्हणून. पहिल्या-पहिल्यांदा मी सांगायचो, "दादा, मिल बंद झाली." प्रत्येक वेळी त्यांना ती नव्याने बंद झालेली कळायची. तोंड असं व्हायचं की बघवायचं नाही. मग बायको म्हणाली, सांगूच नका. आता ती डबा भरून देते, ते सदरा घालून ओसरीवर बसतात. ऊन वर आलं की "सुट्टी झाली" म्हणून डबा उघडतात. पिशवी मी माळ्यावर टाकली, एकदाही मागितली नाही.

काल कढईवालींची चिकन चिली केली. त्यांना चावायला त्रास होतो म्हणून तुकडे अगदी लहान, मिरची दोनच, आणि सिमला मिरची जरा जास्त मऊ. आज डब्यात तीच दिली, चांगली गरम करून, भाकरी कुस्करून. दोन घास खाल्ले, डबा जवळ धरून वास घेतला आणि मला विचारलं, "काय हो, कँटीनला आचारी बदलला का काय?"