ब्रिटनने युरोपीय मानवी हक्क करार सोडावा का?

निशिगंध

सत्ता आली तर हा करार सोडू, असं कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. रिफॉर्म यूके पक्षाची मागणी तर जुनीच. माझ्या मते सोडायलाच हवा, आणि कारण फक्त इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या स्थलांतरितांच्या बोटी नाहीत.

१९५० चा मजकूर वाचला तर खटकण्याजोगं काही सापडत नाही. तो लिहिण्यात ब्रिटिश वकिलांचा मोठा हात होता आणि मार्च १९५१ मध्ये सर्वांत आधी मान्यता दिली तीही ब्रिटननेच. प्रश्न आहे तो या कराराचे खटले चालवणाऱ्या स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने पुढे त्या मजकुराचं काय केलं याचा. १९७८ पासून ते कराराला 'जिवंत दस्तऐवज' मानतं. म्हणजे शब्द तेच, अर्थ मात्र काळाप्रमाणे बदलणार आणि तो न्यायाधीश ठरवणार. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या वयस्कर महिलांच्या प्रकरणात कलम ८ मधून, म्हणजे खासगी आणि कौटुंबिक आयुष्याच्या हक्कातून, हवामानबदलापासून संरक्षणाचा हक्क काढला गेला. १६ विरुद्ध १. विरोधातला तो एकटा न्यायाधीश ब्रिटनचा होता.

लंडनच्या कोर्टाने कायद्याचा अर्थ चुकीचा लावला तर संसद कायदा बदलते. स्ट्रासबर्गच्या निकालावर असा इलाज नाही. कराराचे शब्दच बदलायचे तर करारातल्या सगळ्या ४६ देशांची संमती लागते. कलम ५८ प्रमाणे सहा महिन्यांची नोटीस दिली की बाहेर पडता येतं. ती द्यावी.

पांथस्थ

असहमत. संसदेचे हात बांधलेत हे मुळात खरं नाही. कैद्यांच्या मताधिकाराचा खटला पाहा. २००५ मध्ये स्ट्रासबर्गने सांगितलं की सगळ्या कैद्यांना सरसकट मतबंदी चालणार नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये कॉमन्सने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, २३४ विरुद्ध २२ मतांनी बंदी कायम ठेवावी असा ठराव केला. शेवटी तात्पुरत्या रजेवर सुटलेल्या आणि घरी नजरकैदेत असलेल्या कैद्यांपुरती प्रशासकीय सवलत दिली गेली आणि २०१८ मध्ये प्रकरण मिटलं. मूळ कायद्याला हातही लागला नाही. देशातली कोर्टंही १९९८ च्या मानवी हक्क कायद्याखाली संसदेचा कायदा रद्द करू शकत नाहीत, फक्त 'कराराशी विसंगत' असं जाहीर करू शकतात.

आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवण्याच्या योजनेचंही तसंच. १४ जून २०२२ ला बॉस्कोम डाउनच्या तळावरून विमान सुटलं नाही ते स्ट्रासबर्गच्या अंतरिम आदेशानंतर, हे मान्य. रात्री उशिरा, एका न्यायाधीशाने, नाव न देता आदेश काढणं मलाही पटलं नव्हतं; तो नियम २०२४ मध्ये सुधारला. पण ती योजना बेकायदा ठरवली ती ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायालयाने, १५ नोव्हेंबर २०२३ ला, एकमताने. आधार फक्त हा करार नव्हता. १९५१ चा निर्वासित करार, संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार, नागरी आणि राजकीय हक्कांचा करार आणि देशाचे स्वतःचे कायदे, सगळे त्यात होते. स्ट्रासबर्ग सोडलं तरी हे उरतातच.

निशिगंध

उरतात, पण त्यांना दात नाहीत. छळविरोधी करार आणि नागरी हक्कांचा करार यांच्या समित्या मत देतात, बंधनकारक निकाल नाही. त्यातही या दोन समित्यांकडे व्यक्तीने तक्रार करण्याची सोय ब्रिटनने स्वीकारलेलीच नाही. निर्वासित कराराच्या कलम ३३ मध्ये तर देशाच्या सुरक्षेला धोका असणाऱ्यासाठी अपवाद लिहून ठेवलाय. युरोपीय कराराच्या कलम ३ मध्ये, म्हणजे छळबंदीच्या कलमात, तो नाही. १९९६ च्या चहल खटल्यात एका शीख कार्यकर्त्याला भारतात पाठवायचं होतं. माणूस कितीही धोकादायक असो, तिथे छळाचा खरा धोका असेल तर पाठवता येणार नाही, असा निकाल आला. दोन्ही पारड्यांत वजन टाकून पाहायचीच मुभा नाही. मला हे मान्य नाही.

कावेरी

तत्त्वाचा वाद चालू द्या, पण बाहेर पडणं प्रत्यक्षात कसं होईल तेही बघू.

नोटीस देऊन देश करारातून बाहेर पडेल, पण १९९८ चा कायदा जागेवरच राहील. कराराची कलमं त्याच्या परिशिष्टात छापलेली आहेत, त्यामुळे तो रद्द होईपर्यंत लंडनची कोर्टं तीच कलमं लावत राहतील. शिवाय संसदेने दिलेले हक्क मंत्र्यांना नुसत्या पत्राने काढता येत नाहीत, असं ब्रेक्झिटच्या वेळी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय. तोच तर्क इथे लागेल असं मला वाटतं. मग स्कॉटलंड कायद्याचं कलम २९: मानवी हक्क कराराविरुद्ध जाणारा एडिनबराच्या स्कॉटिश संसदेचा कायदा हा कायदाच नव्हे. वेल्स आणि उत्तर आयर्लंडलाही तशाच तरतुदी आहेत. त्या सगळ्या उसवाव्या लागतील.

सर्वांत अवघड गाठ बेलफास्टची. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारात युरोपीय मानवी हक्क करार तिथल्या कायद्यात पूर्णपणे आणण्याचं, लोकांना थेट कोर्टात जाता येण्याचं वचन आहे. ते आयर्लंडशी केलेल्या समझोत्याचा भाग आहे, लंडनला एकट्याने बदलता येत नाही. तेवढ्यापुरता अपवाद ठेवला, तर बेलफास्टमध्ये एक हक्क आणि लिव्हरपूलमध्ये दुसरा.

आणि युरोपीय संघाशी झालेल्या व्यापार करारातलं कलम ६९२ विसरू नका. ब्रिटनने मानवी हक्क करार सोडला तर बोटांचे ठसे, डीएनए, गाड्यांच्या नोंदी, पळालेल्या आरोपींचा ताबा हा सगळा पोलिसी सहकार्याचा भाग संघ लगेच संपवू शकतो. गुन्हेगार पकडून बाहेर काढायचेत म्हणणाऱ्यांनाच हे आधी जाचेल.

उत्तररात्र

खरी तक्रार कलम ८ ची, म्हणजे कुटुंबाचं कारण देऊन हद्दपारी टाळण्याची असेल तर इलाज घरातच आहे, कारण ते कलम निरपवाद नाही. परदेशी गुन्हेगाराची शिक्षा चार वर्षांहून कमी असेल तर हद्दपारीचे परिणाम बायकामुलांवर 'अवाजवी कठोर' होतील का हे पाहायचं. चार वर्षं किंवा जास्त असेल तर त्याहूनही सबळ कारण हवं. या पायऱ्या संसदेनेच घातल्यात, हव्या तर उंच करा.

यात ब्रिटनमधल्या मराठी घरांचाही संबंध येतो. जोडीदाराच्या व्हिसासाठी एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न लागतं. तेवढं नसेल तर 'अपवादात्मक परिस्थिती' दाखवून अर्ज करता येतो, आणि ती वाट कलम ८ वरच उभी आहे. डेन्मार्क करारात राहूनच कडक धोरण राबवतो. मे २०२५ मध्ये डेन्मार्क, इटलीसह नऊ देशांनी न्यायालयाच्या भूमिकेबद्दल खुलं पत्र लिहिलं. आत राहून दबाव आणता येतो.

निशिगंध

तो दबाव किती सावकाश चालतो तेही सांगा. देशांना निर्णयाची मोकळीक आहे, एवढं वाक्य कराराच्या प्रस्तावनेत घालणारा १५ वा पूरक करार २०१३ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झाला. आठ वर्षं, तीही प्रस्तावनेसाठी.

पांथस्थ

सावकाश आहे, नाकारत नाही. पण थॅलिडोमाइडचा खटला आठवा. गरोदरपणात घेतलेल्या त्या औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांबद्दल संडे टाइम्सला लेख छापायचा होता. १९७३ मध्ये लॉर्ड्सनी, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, न्यायालयाच्या अवमानाचं कारण देऊन तो रोखला. १९७९ मध्ये स्ट्रासबर्गने ११ विरुद्ध ९ मतांनी सांगितलं, हा अभिव्यक्तीच्या हक्काचा भंग आहे. दोन वर्षांत अवमानाचा कायदा बदलला. समलिंगी सैनिकांना काढून टाकण्याचं धोरणही लंडनच्या कोर्टांत टिकलं होतं. १९९९ मध्ये स्ट्रासबर्गच्या निकालाने ते हललं आणि पुढच्या जानेवारीत बंदी उठली. दोन्ही वेळा माणसं घरच्या सगळ्या पायऱ्या चढून हरली होती.

कावेरी

अजून एक. कलम ५८ प्रमाणे बाहेर पडण्याआधीच्या कृत्यांची जबाबदारी सुटत नाही. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर युरोप परिषदेने, म्हणजे हा करार ज्या संघटनेचा आहे तिने, मार्च २०२२ मध्ये रशियाला काढलं आणि १६ सप्टेंबर २०२२ ला तो करारातूनही बाहेर झाला. तरी २०१४ मध्ये युक्रेनवर एमएच १७ हे मलेशियाचं प्रवासी विमान पाडल्याबद्दल त्याच्याविरुद्ध निकाल लागला जुलै २०२५ मध्ये. ब्रिटनने उद्या नोटीस दिली तरी आधीच्या घटनांचे खटले स्ट्रासबर्गला पुढची बरीच वर्षं चालत राहतील, आणि सरकारला तिथे वकील उभा करावाच लागेल.