स्टडचा चामडी मनगटपट्टा: मागून काळे ठिपके, निसटणारं टिचबटण, अस्तराला चुण्या

काळी_वादी
उरलेल्या तुकड्यांतून स्टड लावलेले मनगटपट्टे करायचे आहेत. तुकडे दोन तऱ्हेचे आहेत. एक कोल्हापुरी चपलांचे कान आणि पट्टे कापून उरलेले, तपकिरी, साधारण २ मिमी जाड. दुसरे बॅगवाल्याकडचे, मऊ, काळे, मिमीभर जाडीचे. स्टड पिरॅमिड, १० मिमी चौरस, मागे चार पाय दुमडायचे. मनगट १६ सेंमी.

पहिल्या नमुन्यात तीन गोष्टी बिघडल्या. तपकिरी पट्ट्यावर स्टडच्या पायांभोवती काळे ठिपके आले, टिचबटण चार वेळा उघडझाक केल्यावर निसटलं आणि आतल्या अस्तराला चुण्या पडून कडेने सुटायला लागलं. माप कसं धरायचं, स्टड किती लागतील आणि कुठलं काम आधी करायचं, तेही सांगा. आणि बोटभर रुंदीचे तुकडे टाकून द्यायचे का?

रापीवाला
ठिपके बुरशीचे नाहीत. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्यात टॅनिन भरपूर असतं. स्टडचे पाय लोखंडी असले की घाम किंवा पाणी लागताच लोह आणि टॅनिन मिळून काळा रंग तयार होतो. हिराकस (लोहाचा क्षार) आणि हिरडा घालून काळी शाई करत, तीच ही क्रिया. म्हणून कितीही पुसलंत तरी जाणार नाही, रंग कातड्यात उतरलेला असतो.

स्टड घेताना खिशात चुंबक ठेवा. चिकटला तर आत लोखंड आहे, मग वरून कितीही पिवळा मुलामा असो. न चिकटला म्हणजे पितळच असंही नाही, त्यासाठी एका स्टडचा पाय पकडीने तोडून कापलेली जागा बघा. आतपर्यंत पिवळं दिसलं तर पितळ. काळे ठिपके पडलेला तुकडा वाचवायचाच असेल तर स्टड काढून लिंबाचा रस कापसाने लावा, दहाएक मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसा, सावलीत वाळवा. डाग पुष्कळ फिका पडतो, पण आजूबाजूचा रंगही उतरतो. त्यामुळे ठिपक्यापुरता न लावता सबंध पट्ट्याला लावलेला बरा.

पितळ लावलंत की तेलाचा हात आवरा. खोबरेल चोपडलं तर तेलातली आम्लं पितळाशी मिळून स्टडच्या कडेला हिरवा, मेणासारखा थर धरतो. तेल द्यायचं ते स्टड लावण्याआधी, फडक्यावर दोन-चार थेंब घेऊन, आणि रात्रभर मुरू द्यायचं.

तुमचा काळा मऊ माल बहुधा क्रोमचा, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेला असणार. कापलेली कड बघा: मधोमध निळसर-करडी झाक असेल तर क्रोम, आरपार तपकिरी असेल तर सालीत कमावलेलं. काही जण जाळून बघायला सांगतात. क्रोमचं चामडं घरात जाळू नका.

सातारी_टाका
बाहेरचा पट्टा कोल्हापुरी तुकड्याचा आणि अस्तर काळ्याचं, अशीच वाटणी ठेवा. उलटं केलंत तर मिमीभर जाडीचं मऊ चामडं पायांच्या चिरांपाशी ताणतं आणि रांग महिनाभरात वाकडी होते. तुकडा दोन्ही हातांनी लांबीच्या दिशेने ओढून बघा. रबरासारखा लांबणारा तुकडा जनावराच्या पोटाकडचा, तो या कामाचा नाही.

माप असं: मनगट १६, सैलपणा १, म्हणजे आतला घेर १७ सेंमी. पट्टा आणि अस्तर मिळून जाडी ३ मिमी. ती गोलात वळल्यावर साधारण १ सेंमी खाते, म्हणून टिचबटणाच्या दोन केंद्रांमधलं अंतर १८ धरा. दोन्ही टोकांना केंद्रापुढे सव्वा-सव्वा सेंमी. पट्टी झाली साडेवीस सेंमी, रुंदी ३८ मिमी.

दोन्ही टोकांना ३-३ सेंमी मोकळे सोडले की स्टडसाठी १४५ मिमी उरतात. केंद्रापासून केंद्र १५ मिमी धरलं तर एका रांगेत बरोबर १० स्टड बसतात. दोन रांगांतलं अंतरही १५ ठेवा. कडेला साडेसहा मिमी जागा राहते, त्याहून कमी नको, चिरेपासून कड फाटते. एकूण २० स्टड, पण पाय मोडतातच, २४ आणा.

काम या क्रमाने: कापणं, कड घासणं, रंग, तेल, मग स्टड, मग अस्तर, शेवटी टिचबटण. रंग नंतर दिलात तर स्टड माखतात.

स्टडसाठी गोल भोकं पाडू नका, चिरा हव्यात. कातडं ओल्या स्पंजने जरासं दमट करा, पट्टीने रेघ आखून स्टड अंगठ्याने दाबा. चार पायांच्या खुणा उमटतात. प्रत्येक खुणेवर बारीक पटाशी किंवा घासून चपटा केलेला स्क्रू-ड्रायव्हर ठोकून पायाच्या रुंदीएवढीच चीर पाडा. कातडं पूर्ण वाळू द्या. मग स्टड घालून पट्टा पालथा जाड रबरावर ठेवा. दगडी पाट्यावर ठेवलात तर पिरॅमिडचं टोक चेपतं. पाय पकडीने आधी अर्धे, मग पूर्ण आतल्या बाजूला, एकमेकांकडे वळवा आणि लाकडी मोगरीने हलकेच बसवा. बाहेर वळवलेला पाय अस्तर टोचून वर येतो आणि मनगटाला ओरखडे काढतो.

कड घासायला ओलं बोट, ग्लिसरीन साबणाचा पुसट हात आणि जीन्सचा तुकडा पुरे. चकाकी येईपर्यंत घासा. क्रोमची कड मात्र अशी कधीच चकाकणार नाही, तिच्यावर वेळ घालवू नका.

बकलबहाद्दर
अस्तराच्या चुण्यांचं कारण सरळ आहे. ३ मिमी जाडीचा पट्टा पूर्ण गोल वळला की बाहेरचा घेर आतल्यापेक्षा जवळजवळ १९ मिमी जास्त भरतो. टेबलावर सपाट चिकटवलंत तर आतल्या थराची जादा लांबी जाणार कुठे? साडेपाच सेंमी व्यासाची बरणी घ्या. अस्तर चारही बाजूंनी सेंमीभर मोठं कापून बरणीवर गुंडाळा, त्यावर पट्टा मधल्यापासून टोकांकडे दाबत न्या. जादा अस्तर वाळल्यावर रापीने कापा.

गोंद चपलांना लावतात तो रबराचा. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ हात, हाताला चिकटेनासा होईपर्यंत १०-१५ मिनिटं थांबा, मग दाबा. ओला असतानाच जोडला की कडेने सुटतो, तुमच्याकडे हेच झालेलं दिसतंय. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस पेटलेला नको. लाकडाचा पांढरा गोंद वाळून कडक होतो आणि वळणावर तडकतो.

टिचबटण: चार भाग असतात, टोपी आणि वाटी एका टोकाला, गुंडी आणि दांडी दुसऱ्या टोकाला. १५ मिमी टोपीची दांडी २ मिमी जाडीवर छान पसरते, ३ मिमीवर जेमतेम वर डोकावते आणि मग नुसती चेपते. वरच्या टोकाला अस्तर अडीच सेंमी आधीच थांबवा. ते टोक खालच्या टोकावरच बसणार असल्याने काही दिसत नाही. खालच्या टोकाचं अस्तर रापीने तासून कागदासारखं करा. भोक दांडी जेमतेम घुसेल एवढंच, ४ मिमीच्या आसपास. ठोकताना पसरलेल्या कडेला चीर गेली तर ते बटण बदला, पुन्हा ठोकून ते धरत नाही.

वेणी_आणि_गोंडा
@रापीवाला, चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टडमध्येही निकेलचा मुलामा असू शकतो आणि निकेलची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते. युरोपात अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूंसाठी निकेल सुटण्याची मर्यादा आठवड्याला दर चौ.सेंमी ०.५ मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडच्या सुट्या मालावर असलं काही छापलेलं नसतं. अस्तर असलं तरी खालच्या टोकाची दांडी त्वचेलाच लागते, तिथे बिनमुलाम्याचं पितळ वापरा. काळं अस्तर लावण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. रंग सुटला तर घामातही सुटेल.

बोटभर तुकड्यांची कानातली करा. १ ते दीड मिमी जाडीचा, ३ सेंमी लांबीचा थेंब किंवा पान कापा आणि स्टडऐवजी ६ मिमी टोपीचं दुहेरी रिव्हेट (दोन्ही बाजूंना टोपी असलेली खिळी) लावा, म्हणजे मागची बाजूही गुळगुळीत राहते. रिव्हेटची दांडी चामड्याच्या जाडीपेक्षा २-३ मिमी लांब हवी. जास्त लांब असेल तर ठोकताना आत वाकते आणि टोपी तिरकी बसते. कडीचं भोक कडेपासून निदान ३ मिमी आत घ्या.

काळी_वादी
चुंबक लावला, सगळे स्टड चिकटले. दोन डझन पडून आहेत. ते काळ्या क्रोमच्या चामड्यावर चालतील का?

रापीवाला
क्रोममध्ये टॅनिन नसल्यासारखंच, त्यामुळे तसे काळे ठिपके पडणार नाहीत. गंज मात्र चढेल. पाय दुमडून झाल्यावर मागून पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या, आणि चामडं मिमीभरच असल्यामुळे दोन थर चिकटवून मगच चिरा पाडा.