अर्जंट मदत हवी: पावडर कोटिंगनंतर ॲक्सल आवळला की चाक फिरंना

उदगीरचा_रायडर
मंडळी, चाकं लातूरला देऊन मॅट काळं पावडर कोटिंग करून आणली. दिसायला काम एक नंबर झालंय. नवीन बेअरिंग टाकले, चाक चढवलं, आणि ॲक्सलचा नट आवळला की चाक जाम. नट सैल केला की गरगर फिरतंय. बेअरिंग परत दुसरे आणून टाकले, तरी तेच. मेकॅनिक म्हणतोय थोडं चालव, आपोआप मोकळं होईल. घटस्थापनेला तुळजापूरला जायचंय अन् गाडी उभीच आहे. काय करू, लवकर सांगा.

परभणी_गॅरेज
गाडी कोणती? पुढचं चाक का मागचं? बेअरिंगचा नंबर काय? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार, दादा? आणि चालवून मोकळं करायच्या भानगडीत अजिबात पडू नको. मोकळं होतं म्हणजे बेअरिंग खलास होतं, दुसरं काही नाही.

जालन्याचा_बुलेटवाला
मुळात पावडर कोटिंग करायलाच नको होतं. दगड लागून टवका उडाला की पाणी थराखाली शिरतं, ॲल्युमिनियमला पांढरे फोड येतात, मग सगळं चाक परत खरवडा. मी ॲसिड प्रायमर मारून वर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पेंट करतो. खरचटलं तर घरी टचअप होतं.

वाळूज_शॉपफ्लोअर
@जालन्याचा_बुलेटवाला, प्रश्न काय अन् उत्तर काय! खालची सफाई नीट केलेली पावडर काळ्या मातीच्या चिखलात पेंटपेक्षा जास्त दिवस टिकते. असो.
@उदगीरचा_रायडर, चाकं देताना जुने बेअरिंग काढले होते का? ही पावडर भट्टीत १८०-२०० डिग्रीला भाजतात. त्यात बेअरिंगचं ग्रीस अन् रबरी सील दोन्ही जातात. आणि चाकाच्या मध्यात बेअरिंग बसतात त्या घरांना टेप किंवा बूच लावलं होतं का?

उदगीरचा_रायडर
पल्सर आहे. त्रास पुढच्या चाकाला. बेअरिंग काढूनच दिले होते. टेपबिप त्यांनाच माहीत. जुने बेअरिंग भंगारात गेले, दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून नवे दिले.

परभणी_गॅरेज
मग माझी खात्री आहे, दोन बेअरिंगमधला बुश टाकायचा राहिलाय. पन्नास रुपयांच्या नळीपायी बेअरिंग जातात. आणि नंबर बघितल्याशिवाय बेअरिंग घेत जाऊ नको. ६३०१ म्हणजे आतलं भोक १२, बाहेरचा व्यास ३७, जाडी १२ मिलिमीटर. ६३०२ म्हणजे १५, ४२, १३. नंबर बेअरिंगवरच असतो. आपल्याकडच्या धुळीत दोन्ही बाजूंना रबरी सीलचंच घे, नुसत्या पत्र्याच्या झाकणाचं नको.

बीडकर_मामा
चाक काढलंच आहे तर चेन-स्प्रॉकेटचा सेट पण बदलून टाका. सुटा स्प्रॉकेट कधी बदलू नये, चेन लवकर खाते.

उदगीरचा_रायडर
मामा, पुढचं चाक आहे. बुश आत आहे, मी स्वतः बघितलाय.

धाराशिव_टूरर
बेअरिंग तव्यावर गरम करून टाक, मऊ बसतं. मी असंच करतो.

वाळूज_शॉपफ्लोअर
नको रे! बेअरिंग हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आत जातं. गरम केलं तर ते फुगेल, उलट जास्त घट्ट जाईल. गरम करायचा तो हब, पाण्याचा थेंब टाकला की चर्र होईल इतपत. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. ठोकताना जोर बाहेरच्याच रिंगवर, जुनं बेअरिंग मध्ये धरून. आतल्या रिंगवर हातोडी पडली तर गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात.

आता मूळ दुखणं. नट सैल असताना चाक गरगर फिरतंय, म्हणजे घराच्या भिंतीत बेअरिंग आवळलं गेलेलं नाही. गडबड तळाला आहे. ॲक्सल आवळला की दोन्ही आतल्या रिंगा आणि बुश मिळून एक सलग नळी व्हावी लागते. तुझ्या हबात बेअरिंग तळाच्या धातूऐवजी पावडरच्या थरावर टेकलं असणार. दोन बेअरिंगमधलं अंतर बुशापेक्षा केसभर वाढलं. नट आवळला की आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, बाहेरच्या आहे तिथंच राहतात, आणि गोळ्या आडव्या दाबतात. चाक जाम.

खात्री करायची तर चाक खाली उतरव, ॲक्सल काढ, भोकातून करंगळी घालून बुश बाजूला ढकल. खडखड करत सहज सरकला तर हेच दुखणं. नीट बसलेला बुश दोन्ही बेअरिंगनी धरून ठेवलेला असतो.

उदगीरचा_रायडर
आत्ताच बघितलं. बुश खडखड हलतोय! एका बाजूचं बेअरिंग काढलं, तळाच्या कडेवर काळी रिंग आहे, नखाला जाणवतेय. थिनर लावला, जरासुद्धा हललं नाही.

परभणी_गॅरेज
लेथवाल्याकडे ने. एक हलका कट मारला की झालं.

वाळूज_शॉपफ्लोअर
लेथ नको, भाऊ. चाक लेथच्या पकडीत जरा वाकडं धरलं गेलं तर धातू निघतो, घर सैल होतं, मग बेअरिंग हबातच फिरायला लागतं. बेकिंग झालेली पावडर साध्या थिनरला जुमानत नाही. जेलसारखं पेंट रिमूव्हर मिळतं, ते जुन्या टूथब्रशने फक्त त्या कडेवर लाव. हातमोजे घाल, खिडक्या उघड्या ठेव. फुगलं की प्लास्टिकच्या पट्टीने खरवड. मग हब धुऊन कोरडा कर, कोटिंगआधीच्या सँडब्लास्टिंगची रेती आत राहिली तर नवं बेअरिंगही जाईल. आधी एक बेअरिंग पूर्ण तळाला, मग बुश, मग दुसरं. ठोकून काढलेले बेअरिंग परत टाकू नको, ते गेले समज.

परभणी_गॅरेज
आमच्या लेथवाल्याचा हात तसा नाही. पण ठीक आहे, रिमूव्हर आधी करून बघ.

उदगीरचा_रायडर
झालं! दोन्ही बाजूंना रिंग होती. रिमूव्हरने सोलली गेली. नवे बेअरिंग नंबर बघून आणले, सांगितल्याप्रमाणे बसवले. नट पूर्ण आवळून चाकाला बोट लावलं तरी फिरतंय. वाळूजवाल्या दादांचे लई आभार. फक्त ब्रेक मारला की हँडल किंचित थरथरतंय. हे काय आता?

वाळूज_शॉपफ्लोअर
डिस्क प्लेट बसते त्या जागेवरही पावडर असणार. प्लेट काढून बघ, तिथला थरही तसाच काढ. बोल्ट एकाआड एक समोरासमोरचे आवळ. आणि तोवर तुळजापूरला निघू नको.

बीडकर_मामा
डिस्कचे पॅड कोणते आहेत?